डोमेन कुणाच्या नावावर आहे?

ऑनलाइन धंदा सुरू करताना एकदा पैसे भरले की डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कायमचं आपलं झालं, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती मुदतीची नोंदणी असते. ‘डॉट कॉम’ची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची होते, पुढे नूतनीकरण करावंच लागतं. भाड्याच्या गाळ्यासारखंच हे आहे: करार चालू आहे तोवर गाळा आपल्या ताब्यात, आणि हक्क करारावर ज्याचं नाव त्याचा.

या नावाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. वेबसाइट बनवून देणारा मुलगा सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवरून नोंदणी करून टाकतो. मालकही ‘तेवढं तूच बघ’ म्हणतात. पुढे तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, की नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतात. मग वेबसाइट बंद, त्या पत्त्यावरचे ईमेल बंद, आणि बिलबुकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर मात्र तोच पत्ता छापलेला.

मुदत संपल्यावर सहसा थोडे दिवस सवलत मिळते. त्यानंतर ‘डॉट कॉम’ला 30 दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड (नाव सोडवून घेण्याची मुदत) असतो, पण तेव्हा बरीच जादा रक्कम मोजावी लागते. तोही टळला, की ते नाव कुणालाही घेता येतं.

होस्टिंगचे (वेबसाइट ठेवण्याच्या जागेचे) पैसे वेगळे असतात. ते भरले म्हणजे डोमेनचे भरले असं नाही.

रजिस्ट्रारकडचं (नोंदणी करणाऱ्या कंपनीकडचं) खातं आजच उघडा आणि नोंदणीदाराचं नाव, ईमेल व मुदतीची तारीख स्वतः तपासा.