जाळी, गळ आणि आमिषे यांची पावसाळी साठवण

बिद्री परिसरातील शेतकऱ्याचे वर्ष उसाच्या लागणीवरून आणि कारखान्याच्या गळितावरून मोजले जाते. परंतु दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे आणखी एक वर्ष असते, आणि ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या बरग्यांवर चालते. पावसाळा ओसरला की बंधाऱ्यात बरगे बसतात, पाणी तुंबते आणि त्या संथ पाण्यात जाळी पडू लागतात. मृगाच्या सुमारास बरगे निघतात, नदी गढूळ होऊन दुथडी वाहू लागते आणि जाळी, गळ, दोऱ्या घरी येतात. पुढील तीन-चार महिने हे साहित्य कोठे व कोणत्या अवस्थेत पडून राहते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. आमच्या मते मासेमारीच्या साहित्याची जेवढी नासाडी पाण्यात होते, त्याहून अधिक ती घरात होते.

या निष्काळजीपणास एक कारण आहे. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. ओले जाळे दोन दिवस ढिगाने पडले तरी ते कुजू लागे. म्हणून प्रत्येक वेळी ते वाळविणे आणि अधूनमधून बाभूळ, ऐन यांसारख्या झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडविणे भाग असे. सालीतील टॅनिनमुळे सूत टिकत असे. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला आणि पुढे त्याची जाळी आपल्या नद्यांपर्यंत आली. नायलॉन कुजत नाही. यावरून त्यास निगेची गरजच नाही, असा समज रूढ झाला, व तो चुकीचा आहे. सुताच्या जाळ्याचा शत्रू ओल हा होता. नायलॉनच्या जाळ्याचे शत्रू ऊन आणि उंदीर हे आहेत. शत्रू बदलला तशी साठवणही बदलावयास हवी होती, पण जाळे अद्याप कुडावर उन्हात पसरलेले किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबलेलेच दिसते.

उन्हाविषयी प्रथम सांगतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉनचा धागा आतून ठिसूळ होत जातो. बारीक तंगूसाच्या जाळ्यास हा अपाय लवकर होतो. डोळ्यांस फरक दिसत नाही. दोन बोटांत धरून झटका दिला की धागा तुटतो, तेव्हा तो कळतो. जाळे वाळवावे ते सावलीत, वाऱ्याच्या तोंडी. वाळविण्यापूर्वी ते स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावे, कारण माशाची बुळबुळ व खवले धाग्यास राहिले तर त्या वासावर उंदीर येतात.

उंदरांचा प्रश्न अधिक कठीण आहे. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलेले जाळे म्हणजे उंदरांस आयते बिळ होय. त्यातही खताची रिकामी पोती कटाक्षाने टाळावीत. युरियाचे कण हवेतील ओल शोषून घेतात व पोत्यातील लोखंडी गळांस गंज चढतो. तागाचे बारदान पावसाळ्यात स्वतःच ओल धरून ठेवते. लोखंडी पेटी उंदरांस रोखते खरी, परंतु बंद पेटीत दमट हवा कोंडते व रात्रीच्या गारव्याने झाकणाच्या आतील बाजूस पाणी धरते. जाळे पूर्ण वाळलेले असेल आणि पेटी सिमेंटच्या गारठ्यावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवली असेल, तरच पेटी बरी.

याहून चांगली सोय आपल्या घरातच आहे. दूध-दही ठेवण्याचे शिंकाळे ज्या विचाराने आढ्याला टांगले जात असे, तोच विचार येथे उपयोगी पडतो. वेळूची घट्ट विणीची, झाकणाची बुट्टी घ्यावी आणि तुळईपासून दोरीने टांगावी. भिंतीपासून तीन-चार फूट अंतर असावे. दोरीवर मध्यभागी फूटभर रुंदीची पत्र्याची चकती ओवावी म्हणजे वरून उतरणारा उंदीर तेथेच अडतो. बंदरात नांगरलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर अशाच चकत्या लावलेल्या असतात. बुट्टीतून हवा खेळते, त्यामुळे पेटीतला दमटपणा येथे नसतो. धुराड्याजवळ मात्र ती टांगू नये. उष्णतेने तंगूस आखडतो.

बुट्टीत जाळे भरण्याचीही रीत आहे. बुचांची दोरी एका बाजूस व शिशाची दोरी दुसऱ्या बाजूस येईल अशा घड्या घालाव्यात. आश्विनात जाळे काढताना गुंता सोडविण्यात जो दिवस जातो, तो यामुळे वाचतो. प्रत्येक जाळ्यास त्याच्या आसाचे माप लिहिलेली लाकडी चिठ्ठी बांधावी.

पुराचाही विचार करावयास हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक घरांत पाणी शिरले. टांगलेली बुट्टी पाण्याच्या वर राहण्याची शक्यता अधिक आणि वेळ आलीच तर एका हाताने उचलून नेता येते. जड पेटीचे तसे नाही.

गळांची साठवण निराळी. गळास हवा नको, कोरडेपणा हवा. वापरलेले गळ धुऊन, पुसून, तेलाच्या बोटाने चोळून रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता या बरणीत टाकाव्यात. बुचात गळ टोचून ठेवण्याची पद्धत सोयीची असली तरी ओले बूच गळाची टोके खाते, हे ध्यानात घ्यावे. बरणीवर क्रमांक लिहावा. गळांच्या क्रमांकांत नवशिक्याची नेहमी गफलत होते: साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, आकड्यापुढे तिरकी रेघ व शून्य असेल तर मात्र आकड्याबरोबर गळही मोठा होतो. लांब दोरीस ओळीने बांधलेले गळ असतील तर दोरी बुट्टीत वेटोळी करून ठेवावी आणि बुट्टीच्या काठावर काथ्याची जाड दोरी शिवून त्यात गळ क्रमाने अडकवावेत.

अलीकडे गावातील तरुण मंडळी काठी व रीळ घेऊन मरळ धरावयास जातात, आणि त्यांच्यापाशी धातूचे चमचे, रबरी बेडूक, प्लॅस्टिकचे मासे अशी नाना रंगांची आमिषे असतात. हा छंद खर्चिक आहे, आणि खर्चाचा बराच भाग साठवणीच्या अज्ञानाने वाया जातो असे आम्हांस वाटते. कप्प्यांचा डबा घ्यावा व तीन टोकांचे गळ असलेले प्रत्येक आमिष स्वतंत्र कप्प्यात ठेवावे. मऊ प्लॅस्टिकची आमिषे मात्र ज्या पिशवीत विकत मिळतात, त्याच पिशवीत राहू द्यावीत. त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य काही कठीण प्लॅस्टिकच्या डब्यांस विरघळविते, तसेच निरनिराळ्या रंगांची आमिषे परस्परांत मिसळून चिकट गोळा होतो. ओले आमिष डब्यात परत टाकू नये. एकाच्या ओलीने सर्व डबा गंजतो. त्यासाठी नदीवर वेगळी जाळीदार पिशवी न्यावी.

आता आरोग्याविषयी. शिसे विषारी आहे, विशेषतः लहान मुलांस. शिशाच्या गोळ्या धान्याजवळ किंवा स्वयंपाकाच्या डब्यांत कधीही ठेवू नयेत, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. कीडनाशकाच्या रिकाम्या डब्यांत गळ वा दोरा ठेवण्याची सवय तर त्वरित सोडावी. ते डबे धुऊनही निर्धोक होत नाहीत. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो व त्याचे जंतू हातापायांवरील जखमांतून शरीरात शिरतात. गळाने बोट टोचणे ही मासे धरणाऱ्याची रोजची गोष्ट आहे. म्हणून पावसाळ्यानंतर साहित्य प्रथम उघडताना हातमोजे घालावेत, उंदरांचा वावर आढळल्यास जाळे साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि त्यानंतर ताप व अंगदुखी आली तर डॉक्टरांस ही हकीकत अवश्य सांगावी.

बंधाऱ्यात बरगे बसण्यापूर्वी आठवडाभर बुट्टी खाली उतरवावी. जाळ्याचा प्रत्येक भाग ताणून पाहावा, तुटलेले आस विणून घ्यावेत, गंजलेले गळ बाजूस काढावेत. निरुपयोगी झालेला तंगूस नदीत किंवा बांधावर टाकू नये. तो पक्ष्यांच्या पायांत अडकतो व चाऱ्याबरोबर जनावरांच्या पोटात जातो. त्याचे लहान तुकडे करून ते बंद डब्यात साठवावेत व ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्यावेत.