डोनाल्डचे शाळासोबती

मनुष्य हा सोबतीचा भुकेला प्राणी आहे आणि ही भूक कुमारवयात विशेष तीव्र असते. परंतु काही मुलांना सोबत हवी असूनही ती मिळवण्याची कला साधत नाही. नजरेला नजर देणे, थट्टा ओळखणे, दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेणे त्यांना अवघड जाते. उलट आकडे, तारखा, नकाशे यांत ती तासन् तास रमतात. मराठीत अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. स्वतःत मग्न दिसणाऱ्या मुलाला मित्र नकोच असतात, असा समज त्यावरून होतो. तो किती चुकीचा आहे, हे अमेरिकेतील डोनाल्ड ट्रिपलेट यांच्या चरित्रावरून कळते.

डोनाल्डचा जन्म १९३३ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावी झाला. वडील वकील, तर आईच्या माहेरची गावात बँक. मूल कोणाकडे वळून पाहीना, हाकेला ओ देईना. वैद्यकीय सल्ल्यावरून त्याला वयाच्या चौथ्या वर्षी घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. परंतु मातापित्यांनी त्याला वर्षभरात माघारी आणले आणि १९३८ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांना दाखवले. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिला मुलगा हा डोनाल्डच. त्या निबंधामुळेच स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले.

पुढे काही वर्षे डोनाल्ड एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्या साध्या माणसांनी त्याच्या खोडी मोडण्याचा अट्टाहास केला नाही. त्यांनी त्या कामाला लावल्या. मोजमापाचा नाद होता, म्हणून त्याला विहीर खणायला लावून तिची खोली विचारली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजी, तेव्हा नांगर हाती देऊन नांगरता नांगरता त्या मोजायला सांगितले. खेड्यातील शाळेनेही त्याच्या तऱ्हा सांभाळून घेतल्या.

त्यानंतर तो फॉरेस्टच्या हायस्कुलात दाखल झाला. शाळेच्या भिंतीत विटा किती, असे एकदा मुलांनी त्याला विचारले. त्याने भिंतीकडे पाहिले आणि तत्काळ आकडा सांगितला. मुले थक्क झाली. ती आख्यायिका गावात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पुढे जॉन डॉनव्हॅन व कॅरन झुकर या पत्रकारांनी त्यांच्यावर २०१० साली लेख लिहिला, तेव्हा वृद्ध डोनाल्ड यांनी खरे काय ते सांगून टाकले. आकडा मनचाच होता. त्या मुलांच्या मनात आपल्याविषयी चांगले मत व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती! ज्या मुलाला माणसांची ओढच नाही असे मानले गेले, त्याच्या अंतरंगात ही आस होती.

डोनाल्ड १९५३ साली हायस्कूल, तर १९५८ साली महाविद्यालय उत्तीर्ण झाले. त्यांनी गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, देशोदेशी प्रवास केला. २०२३ साली ८९व्या वर्षी ते निवर्तले. पत्रकार गावात आले, तेव्हा डोनाल्डना दुखवाल तर गाठ आमच्याशी आहे, अशी तंबी गावकऱ्यांनी त्यांना दिली होती. अर्थात त्यांच्या घरी पैसा व प्रतिष्ठा होती, हेही विसरता कामा नये. त्याच मिसिसिपीतील गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्वमग्न मुलांना असे भाग्य कोठून लाभणार?

अमेरिकेने १९७५ साली कायदा करून प्रत्येक अपंग बालकाला सरकारी शिक्षणाचा हक्क दिला. १९९० साली त्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आला. कायद्याने मुलाला वर्गात बाक मिळाला. पण मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा घेऊन कोण बसणार? ते कायदा ठरवू शकत नाही. याबाबत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ही मुले वयाने लहान होती, तरी त्यातील बोध थोरांनाही लागू पडतो. केवळ त्या मुलाला शिकवण्यापेक्षा त्याच्या वर्गमित्रांना शिकवल्याने अधिक लाभ झाला. क्रीडांगणावरचा त्याचा एकटेपणा घटला.

गिरमिटावर देशांतर केलेल्यांच्या वंशजांना या गोष्टीचे नवल वाटू नये. जहाजावर चढताना जे परस्परांना अनोळखी होते, ते उतरताना जहाजी भाई झाले. ते नाते रक्ताचे नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाने ते जोडले होते. प्रत्येक वर्गातही असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी असते. आज सायंकाळी आपल्या मुलाला गुण किती मिळाले, हे विचारण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: मधल्या सुट्टीत तुमच्या वर्गात एकटे कोण बसते?