स्वस्त शॉकअपचा चिमटा : घ्यावा कीं न घ्यावा ?

पूर्वीं सायकल घ्यावयाची म्हणजे फारसा विचार करावा लागत नसे. काळी, उंच, सळयांच्या ब्रेकची व मागें कॅरिअर असलेली एकच एक जात बाजारांत मिळे. बापानें घेतलेली गाडी पुढें मुलगाहि चालवी. आतां तसें राहिलें नाहीं. जाड टायरांच्या, गियरांच्या आणि पुढें शॉकअप असलेल्या डोंगरी सायकली दुकानांतून झळकूं लागल्या आहेत, आणि सुटी जवळ आली कीं आमचे विद्यार्थी घरीं शॉकअपच्या गाडीचा हट्ट धरतात. हा हट्ट अगदींच अनाठायीं आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या जिल्ह्यांत जांभ्याचे सडे, दगडी पाखाड्या, वाड्यावाड्यांतील पाणंदी आणि पावसानें उखडलेले रस्ते यांची वाण नाहीं. परंतु हापूस, काजू किंवा मासळीच्या हंगामावर ज्या घराचा वर्षाचा खर्च चालतो, त्या घरांतून दहापंधरा हजार रुपये बाहेर पडावयाचे, तर ते कशासाठीं पडतात हें विद्यार्थ्यानें व पालकानें दोघांनींहि समजून घेणें अवश्य आहे.

सायकलीच्या पुढच्या चाकास दोहों बाजूंनीं धरणाऱ्या दुबेळक्या भागास आपल्याकडील कारागीर चिमटा म्हणतात. साध्या गाडीचा चिमटा ताठ व एकसंध असतो. शॉकअपच्या चिमट्यास प्रत्येक बाजूस दोन नळ्या असून एक दुसरींत सरकते. चाक दगडावर चढलें कीं नळी आंत जाते, आणि हाताला बसणारा हिसका कमी होतो. मोटारसायकलीस तेलानें दमन होणारा असा चिमटा जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ सालीं बसविला. सायकलीच्या वांट्यास मात्र तो बराच उशिरां आला. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या उतारांवर कांहीं हौशी तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली पळवूं लागले, त्यांतून डोंगरी सायकलीचा उदय झाला; आणि १९८९ सालीं स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीनें आरएस-१ हा चिमटा काढल्यावर सायकलीच्या शॉकअपचा खरा प्रसार सुरू झाला.

शॉकअपचीं कामें दोन आहेत, आणि हीं दोन कामें वेगळीं ओळखणें हीच चिमटा पारखण्याची किल्ली होय. पहिलें काम धक्का झेलण्याचें. तें स्प्रिंग करते. दुसरें काम झेललेला धक्का जिरविण्याचें. तें तेल करतें.

स्प्रिंगविषयीं रॉबर्ट हुक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच : जितका भार अधिक, तितकी स्प्रिंग अधिक दबते. आतां एक गणित करूं. समजा, एका चिमट्याची स्प्रिंग ७५ किलो वजनाच्या माणसासाठीं बेतलेली आहे. स्वाराच्या वजनाचे ४० टक्के पुढच्या चाकावर येतात असें धरलें, तर तो भार ३० किलो झाला. एवढ्या भारानें १०० मिलिमीटर पल्ल्याचा चिमटा २० मिलिमीटर बसला, तर दर मिलिमीटरास दीड किलो भार लागला. आणि पूर्ण पल्ला दाबावयास १५० किलो लागतील. ७५ किलोंच्या माणसास हा भार त्याच्या वजनाच्या दुप्पट आहे. त्याच गाडीवर ४० किलो वजनाचा आठवीचा विद्यार्थी बसवा. त्याच्या वजनापैकीं १६ किलो पुढें येतील, चिमटा जेमतेम ११ मिलिमीटर बसेल, आणि पूर्ण पल्ल्यासाठीं लागणारा भार त्याच्या वजनाच्या पावणेचार पट होईल. म्हणजे पैसे दिले शंभर मिलिमीटरांचे, आणि उपयोग झाला त्याच्या निम्म्याचा ! मुलाच्या हातांस धक्के बसावयाचे ते बसतातच, वर चिमट्याचें ओझें मात्र त्यास चढावर वाहावें लागतें.

चिमट्याच्या डोक्यावरची गोल चकती पिळली कीं स्प्रिंग नरम किंवा कठीण होते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्या चकतीनें स्प्रिंगवरचा आरंभींचा दाब तेवढा कमीजास्त होतो. स्प्रिंगचा मूळ कठीणपणा होता तसाच राहतो. तो बदलावयाचा तर स्प्रिंगच बदलावी लागते, किंवा हवेचा चिमटा घ्यावा लागतो. हवेच्या चिमट्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजीं कोंडलेली हवा असते, व स्वाराच्या वजनाप्रमाणें ती भरतां येते. त्यासाठीं निराळा, बारीक घेराचा पंप मिळतो. पंक्चरवाल्याच्या पंपानें ती हवा नीट भरतां येत नाहीं.

आतां दमन. केवळ स्प्रिंग असेल, तर दबलेला चिमटा तितक्याच जोरानें उसळतो, आणि उतारावर पुढचें चाक चेंडूसारखें उडूं लागतें. चाक जमिनीवर नसतां ब्रेक व हँडल दोन्ही निरुपयोगी होत. हें टाळण्यासाठीं चांगल्या चिमट्यांत तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें. थंडीच्या दिवसांत गोठूं लागलेलें खोबरेल बाटलीच्या अरुंद तोंडांतून जसें सावकाश उतरतें, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. त्यामुळें चिमट्याची परत सावकाश होते. अगदीं स्वस्त चिमट्यांत हें तेलाचें यंत्रच नसतें. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे. तो घाट उतरतांना किंवा सड्यावरून खालीं येतांना हा भेद चैनीचा न राहतां हातपाय शाबूत राहण्याचा होतो.

बाजारांतील प्रती कशा ओळखाव्या, हें आतां पाहूं. भारतांत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस तैवानच्या एसआर सनटूर कंपनीचे चिमटे कारखान्यांतच बसविलेले असतात. त्यांपैकीं एक्ससीटी ही खालची पायरी, एक्ससीएम मधली, व एक्ससीआर तिच्या वरची. एक्ससीटीच्या आंतल्या नळ्या २८ मिलिमीटर जाडीच्या, एक्ससीएमच्या साधारणतः ३० च्या, व एक्ससीआरच्या ३२ च्या असतात. नळी जितकी जाड, तितका चिमटा ब्रेक लावतांना कमी वांकतो. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा सुमारें अडीच किलो भरतो, हवेचा बरा चिमटा दोन किलोंच्या आसपास, आणि साधा ताठ चिमटा एका किलोच्या आसपास. कित्येक स्वस्त चिमट्यांवर ‘डोंगरी वाटेसाठीं नव्हे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटविलेली असते. ती दुकानांतच वाचावी.

जुन्या गाडीस नवा चिमटा बसविणारांनीं चार मापें जुळवून घ्यावींत. पहिलें चाकाचें : २६, २७.५ किंवा २९ इंच. दुसरें हँडलकडे जाणाऱ्या नळीचें : हल्लींच्या बहुतेक गाड्यांस ती २८.६ मिलिमीटर जाडीची व आट्यांवांचून असते, कांहींस खालीं रुंद होत जाणारी असते, आणि जुन्या काळ्या गाडीस आट्यांची असते. ह्या एकमेकींच्या जागीं बसत नाहींत. तिसरें ब्रेकचें : रबरी ठोकळ्यांच्या ब्रेकला चिमट्यावर खुंट्या लागतात, डिस्क ब्रेकला निराळे कान लागतात. चौथें चाकाच्या आंसाचें : साधा आंस खांचेंत बसतो, जाड १५ मिलिमीटर आंस भोकांतून आरपार जातो, व त्यास हबहि तसेंच लागतें. शिवाय पल्ला मूळच्यापेक्षां फार वाढवूं नये. चिमटा २० मिलिमीटर लांब झाला कीं पुढची बाजू उचलली जाऊन मानेचा कोन सुमारें एक अंश ढळतो, आणि सांगाड्यावर ताणहि अधिक पडतो.

दुकानांत गेल्यावर पुढील परीक्षा कोणासहि करतां येतील. पुढचा ब्रेक घट्ट दाबून गाडी मागेंपुढें हलवावी. चिमट्यांत खडखड जाणवली तर तो सैल आहे. हँडलवर अंगाचा भार टाकून एकदम सोडावा. चिमटा ताडकन् उसळला तर दमन नाहीं असें समजावें. आंतल्या नळीस दोरा सैलसर बांधून बाहेरच्या नळीपर्यंत सरकवावा, मुलास हलकेच बसवून हलकेच उतरवावें, व दोरा किती सरला तें पट्टीनें मोजावें. पल्ल्याच्या १५ ते २५ टक्के सरला तर स्प्रिंग त्या मुलास योग्य. शेवटीं दुकानदारास सील व सुटे भाग मिळतील काय हें विचारावें. ज्याचे सुटे भाग मिळत नाहींत तो चिमटा कितीहि स्वस्त असो, तो महागच पडतो.

हा शेवटचा मुद्दा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडील लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. येथील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे शॉकअपचे वैरी आहेत. स्वस्त चिमट्याच्या नळ्या पोलादाच्या असून वर चकाकणारा मुलामा असतो. मुलाम्यास खांच पडली कीं गंज चढतो, गंजाचे खडबडीत कण रबरी सील कापतात, आणि मग पाणी व रेती बिनदिक्कत आंत शिरते. महागड्या चिमट्यांचे खालचे पाय पुष्कळदां मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांचा रंग उडाला तर खाऱ्या पाण्यानें तेहि लवकर खाल्ले जातात. म्हणून तारकर्लीच्या पुळणीवर भरतीच्या पाण्यांत गाडी घालूं नये. फिरून आल्यावर गोड्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें नळ्या पुसून कोरड्या कराव्या. सर्व्हिसिंगच्या जोरकस फवाऱ्याचें तोंड सीलांकडे धरूं नये. रॉकेल किंवा खोबरेलहि तेथें लावूं नये. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां चिमटा उघडून, साफ करून, योग्य ग्रीस घालून घ्यावा. पडझडींत चिमटा वांकला किंवा चिरला, तर वेल्डिंग करून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा. सांधा केव्हां सुटेल याचा नेम नसतो, आणि पुढचा चिमटा तुटला तर स्वारास सावरावयास क्षणहि मिळत नाहीं.

मग निर्णय काय करावा ? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. ज्या मुलास डांबरी किंवा मातीच्या रस्त्यानें केवळ शाळेंत जावयाचें आहे, त्यास शॉकअपची गरज नाहीं. ताठ चिमट्याची हलकी गाडी घ्यावी, तिला दोन इंच रुंदीचे टायर घालावे, व टायरवर छापलेल्या मर्यादेंत राहून हवा थोडी कमी ठेवावी. ४० किलोंच्या मुलास ३० ते ३५ पौंड हवा बहुधा पुरे होते. रस्त्यावरील बारीक हादरे असा टायर स्वस्त शॉकअपपेक्षां अधिक चांगले गिळतो, त्याला सील नाहींत, आणि त्याची दुरुस्ती कोणत्याहि नाक्यावर होते. वांचलेले पैसे चांगल्या ब्रेकांवर, दिव्यावर व शिरस्त्राणावर खर्चावे. ज्या मुलास खरोखर सडे व डोंगरवाटा तुडवावयाच्या आहेत, त्यानें मात्र तेलाचें दमन असलेला, ३० मिलिमीटर किंवा अधिक जाड नळ्यांचा, १०० मिलिमीटर पल्ल्याचा चिमटा पाहावा. अंग हलकें असल्यास हवेचाच पाहावा. तेवढे पैसे आज नसतील, तर ताठ चिमट्यावर एक वर्ष काढणें हें निकृष्ट शॉकअपवर एक दिवस डोंगर उतरण्यापेक्षां शहाणपणाचें आहे.

पालकांस आमची एक सूचना आहे. मुंबईहून चाकरमानी मामा गाडी पाठवितो म्हणाला, तर त्यास मुलाचें वजन व उंची आधीं कळवावी. रंग मागाहून ठरवावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीं हट्ट जरूर धरावा, पण वजनकांटा, पट्टी व दोरा घेऊन धरावा. आपणांस काय हवें आहे हें ज्यास मोजून सांगतां येतें, त्याचें म्हणणें घरांतील वडील मंडळी सहसा टाळीत नाहींत, आणि दुकानदारहि त्यास फसवावयास धजत नाहीं.