टोटल लॉस : भरपाईचा प्रश्न सुटला, सांगाड्याचा राहिला

1 जुलै 2002 रोजी नवे ‘इंडियन मोटर टॅरिफ’ लागू झाले. त्याआधी गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, म्हणजे ‘टोटल लॉस’ झाली, की मालकाची खरी दमछाक अपघातानंतर सुरू व्हायची. पॉलिसीवर त्याने सांगितलेली अंदाजी किंमत असे आणि प्रीमियम तिच्यावरच आकारला जाई. पैसे देण्याची वेळ आली की मात्र अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव काढला जाई. तो बाजारभाव कुठल्या तक्त्यात छापलेला नव्हता. सर्व्हेअरचे मत, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडचा आकडा, कार्यालयातली घासाघीस, यांतून तो ठरायचा. 1973 पासून सामान्य विमा चार सरकारी कंपन्यांच्या हाती होता आणि मोटार विम्याचे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवायची. एका कंपनीशी पटले नाही म्हणून दुसरीकडे जावे, तर तिथेही तेच दर आणि त्याच अटी.

2002 च्या टॅरिफने ‘आयडीव्ही’, म्हणजे पॉलिसीवर जाहीर केलेली गाडीची विमा किंमत, आणली. गाडीच्या कंपनीची छापील किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. त्यापुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची. याच तरतुदीत पुढे म्हटले होते की, टोटल लॉसच्या दाव्यात पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव मानावा, त्यातून आणखी घसारा कापू नये. माझ्या मते आपल्याकडच्या मोटार विम्यात ग्राहकासाठी झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात गाडी गेली तरी कागदावरचा आकडा तोच राहणार, हे प्रथमच लेखी ठरले.

टोटल लॉस कधी मानायचा, याचीही रेघ त्यातच आखली गेली. गाडी अपघाताच्या जागेवरून हलवण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’. पण हा खर्च मोजायचा तो ‘पॉलिसीच्या अटींना अधीन राहून’, आणि पुढच्या वीस वर्षांतले कितीतरी वाद या चार शब्दांतून निघाले. समजा, आयडीव्ही 4 लाख रुपये आहे, म्हणजे रेघ 3 लाखांवर. वर्कशॉपचे एस्टिमेट 3 लाख 40 हजारांचे आले. आता सर्व्हेअर पॉलिसीप्रमाणे रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा लावतो, पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार लावतो, आणि कंपनीची जबाबदारी 2 लाख 80 हजारांवर येते. गाडी रेघेच्या अलीकडे राहिली! मग ती दुरुस्त होते, घसाऱ्याचे 60 हजार मालक खिशातून भरतो आणि चासी ओढून सरळ केलेल्या गाडीत कुटुंबाला बसवतो. उलट प्रकारही घडतो. दुरुस्त होण्याजोगी गाडी वर्कशॉपच्या फुगवलेल्या एस्टिमेटमुळे टोटलमध्ये जाते. एस्टिमेट आणि सर्व्हे रिपोर्ट या दोन्हींच्या प्रती मालकाने मागून घ्याव्यात असे मी म्हणतो ते यासाठीच.

नवी व्यवस्था तीन वर्षांची होते न होते तोच 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत रस्त्यांवर आणि इमारतींच्या तळघरांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी होती त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळण्यासारखे नव्हते. पॅकेज पॉलिसीत पूर समाविष्ट होता, तरी पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते पुराचे थेट नुकसान नव्हे, अशी भूमिका कंपन्या घेत. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेल्या गाडीचे वायरिंग, कंट्रोल युनिट, एअरबॅग असे सगळेच संशयास्पद होते, म्हणून अशा गाड्या बहुधा टोटलमध्येच जातात. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात लोकांना याच प्रश्नांना तोंड द्यावे लागले.

1 जानेवारी 2007 पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. पुढे झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस अशी जोड-संरक्षणे आली. कर्जावर गाडी घेतलेल्यांना यातले शेवटचे, म्हणजे टोटल लॉसमध्ये आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारे, खरेच उपयोगी. टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि आयडीव्ही कर्जाच्या बाकीपेक्षा कमी असली, तर नसलेल्या गाडीचे हप्ते फेडत राहावे लागते. दर खुले झाल्याचा एक तोटाही झाला. स्वस्त प्रीमियमच्या मोहात आयडीव्ही खाली आणली जाऊ लागली आणि त्याची किंमत गाडी गेल्यावरच कळते.

2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका टोटल लॉसच्या खटल्यात कंपनीला सुनावले की, नूतनीकरणाच्या वेळी गाडीची जी किंमत तुम्ही मान्य केली, ती पैसे देताना झटकता येणार नाही. त्या निकालाने मालकाची बाजू आणखी भक्कम झाली.

भरपाईची घडी अशी बसत गेली. सांगाड्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही.

टोटल लॉस झालेल्या गाडीला सॅल्व्हेजचा, म्हणजे उरलेल्या सांगाड्याचा, भाव असतो. कंपनी लिलावात बोली मागवते. सर्वांत वरची बोली 90 हजारांची आली, तर 4 लाखांतून 90 हजार आणि हजार-दोन हजारांची सक्तीची वजावट काढून उरलेले पैसे कंपनी देते. 90 हजार सॅल्व्हेज घेणारा व्यापारी मालकाला देतो आणि गाडी नेतो. बऱ्याचदा आरसीसकट. आरसीसकट बोली जास्त येते, आणि का येते हे कुणी विचारत नाही. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर सांगाड्याचा चासी नंबर चढवायचा आणि खऱ्या कागदांवर विकायची, अशा टोळ्या वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांनी पकडल्या आहेत. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकणे तर त्याहून सोपे.

ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून अशा गाड्यांचे ए, बी, एस, एन असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाही. आपल्याकडे टोटल लॉसची नोंद आरसीवर होत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते की, नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला देऊन आरसी जमा करावी. पण विम्यातला टोटल लॉस हा खर्चाचा हिशेब आहे. 75 टक्क्यांवर गेलेली प्रत्येक गाडी कायद्याच्या अर्थाने निकामी नसते. याच फटीतून सांगाडे निसटतात. सप्टेंबर 2021 च्या स्क्रॅपिंग नियमांनी अपघात, आग किंवा नैसर्गिक आपत्तीत नुकसान झालेली गाडी मालकाने स्वतः भंगार म्हणून घोषित करण्याची सोय केली. सोय झाली, सक्ती नाही. भरपाई देताना कंपनीनेच आरटीओला कळवावे आणि ती नोंद सरकारच्या ‘वाहन’ नोंदणी प्रणालीवर सर्वांना दिसावी, एवढा नियम झाला पाहिजे.

तोवर सांभाळायचे आहे ते मालकालाच. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. ती गाडी उद्या कुणाला उडवून गेली, तर नोटीस तुमच्या घरी येईल. म्हणून टोटल लॉसच्या कागदांवर सही करण्याआधी कंपनीकडून सेटलमेंट लेखी घ्या, आणि गाडी पुन्हा चालणार नसेल तर कलम 55 खाली आरसी रद्द करूनच सांगाडा द्या. बोली थोडी कमी आली तरी चालेल. दुरुस्त करण्यासाठी कुणी ती घेत असेल, तर नाव बदलल्याची आरटीओची नोंद पाहिल्याशिवाय फाईल बंद करू नका.