तालमीच्या पहिल्या दिवसापासून

नाटकाला सांकेतिक भाषेचा दुभाषी असलाच, तर तो बहुधा रंगमंचाच्या एका कडेला उभा असतो. कर्णबधिर प्रेक्षकानं नट पाहायचे की दुभाषी, हे त्याचं त्यानं ठरवायचं. लंडनच्या ‘ग्रेआय’ या नाट्यसंस्थेनं हा दुभाषी मधोमध आणला, त्याला पात्र केलं. अंध प्रेक्षकाला लागणारं वर्णन संवादांतच गुंफलं जातं, पडद्यावर उमटणारे संवाद नेपथ्यात मिसळतात. प्रयोग ठरल्यावर जोडलेली ही सोय नव्हे. तालमीच्या पहिल्या दिवसापासून नाटक असंच बसतं. माझ्या मते संस्थेचं खरं कर्तृत्व हेच.

व्हीलचेअर वापरणारे नट नबिल शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी 1980 मध्ये ‘ग्रेआय’ सुरू केली. अपंग व्यक्तिरेखाही तेव्हा बहुतेक धडधाकट नटांकडेच जात. 1997 मध्ये सूत्रं जेनी सीली यांच्याकडे आली. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी त्या एक. पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलेलं ब्रेख्टचं नाटकही 2014 मध्ये ‘ग्रेआय’नं इतर नाट्यगृहांच्या साथीनं केलं.

पण भूमिका मिळण्याआधी शिकायला मिळावं लागतं. अभिनयाच्या शाळेत जिने असतील, आवाजाचे व्यायाम ऐकू येणाऱ्यांसाठीच आखलेले असतील, तर अंगात कितीही कला असून मुलगी दारातूनच परत जाते. मग निर्माते म्हणतात, तयारीचे अपंग नट आहेतच कुठे! ‘ग्रेआय’नं आधी ‘मिसिंग पीस’ आणि पुढे ‘एन्सेम्बल’ हे प्रशिक्षण उभं केलं ते याचसाठी. ‘राइट टू प्ले’ या उपक्रमात कर्णबधिर आणि अपंग नाटककार घडले. लेखकच अपंग असला की दयेची रडगाणी आपोआप कमी होतात.

ही रीत श्रीमंत देशापुरती नाही. 2016 मध्ये सीली यांनी ‘ढाका थिएटर’ आणि ब्रिटिश कौन्सिलसोबत बांगलादेशातले अपंग कलावंत घेऊन ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं.

एकांकिका बसवणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन मंडळींना म्हणूनच एक विनंती. यंदा पात्रनिवड तळमजल्यावर घ्या, आणि सूचनाफलकावर स्पष्ट लिहा: कर्णबधिर, अंध, व्हीलचेअर वापरणारे, सगळ्यांनी यावं. संहिता त्यांच्यासमोरच पहिल्यांदा वाचा.