जुन्या फियाटमधील निकामी कंप्रेसर

मे महिन्याच्या उत्तरार्धात, जेव्हा ढगांची पहिली दाटी होऊ लागते आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वारा पडल्यामुळे पोफळीच्या बागेतसुद्धा अंगाची चिकचिक थांबत नाही, अशा एका सकाळी गुहागरच्या एका स्नेह्यांच्या घराशेजारी, जांभ्याच्या गडग्याला लागून उभ्या असलेल्या त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट आम्ही उघडले. तिच्या इंजिनाच्या बगलेत कित्येक वर्षे निश्चेष्ट पडून राहिलेला वातानुकूलन यंत्राचा कंप्रेसर काढून टाकावा, एवढाच हेतू होता. परंतु जोडलेली वस्तू काढणे म्हणजे चार बोल्ट सोडवणे, असा जो सर्वसाधारण समज असतो तो किती अपुरा आहे, याची जाणीव मला त्या दिवशी झाली.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यान्वये, ‘फियाट ११००’ या जातीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. १९६४ सालची ‘डिलाइट’ पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने तिने महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांत वास्तव्य केले. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. त्याच्या मूळ रचनेत शीतयंत्राची तजवीज नव्हती. हवेसाठी पुढच्या दारांना फिरवता येणाऱ्या त्रिकोणी काचा दिलेल्या होत्या, आणि धावत्या गाडीत त्या नेमक्या कोनात वळवल्या म्हणजे वाऱ्याचा झोत थेट छातीवर येई. पुढे हौसेने वा गरजेने अनेक मालकांनी बाजारातून शीतयंत्र बसवून घेतले. ऐन उन्हात असा कंप्रेसर तीन ते पाच अश्वशक्ती मागतो, म्हणजे या लहानशा इंजिनाच्या सामर्थ्याचा जवळजवळ दशांश. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना ही मागणी चालकाच्या पायाला स्पष्ट जाणवते.

कंप्रेसरचे कार्य समजण्यास माठाचे उदाहरण पुरेसे आहे. माठातून पाझरलेले पाणी बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते आणि आतले पाणी गार होते. शीतयंत्रातही डॅशबोर्डखालच्या कॉइलमध्ये द्रवाचे बाष्प होते व गाडीतली उष्णता शोषली जाते. फरक इतकाच की माठाचे बाष्प हवेत निघून जाते, तर येथे ते कंप्रेसर ओढून घेतो, दाबतो, आणि तापलेले ते बाष्प रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होते. कंप्रेसरला फिरवणारी शक्ती इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील पुलीकडून पट्ट्याने येते. शीतयंत्र बंद असताना विद्युत्चुंबकीय क्लच सुटलेला असतो, त्यामुळे बाहेरची पुली मोकळी फिरते आणि आतील दट्टे स्तब्ध राहतात. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली शीतयंत्र असलेली मोटार जाहीर केली, तेव्हा हा क्लच नव्हता. यंत्र नको असेल तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने पट्टा उतरवावा लागे.

हे ध्यानात घेतले म्हणजे, बंद कंप्रेसर पडला आहे तर पडू द्यावा, असे पुष्कळांना वाटते, आणि पुली मोकळी फिरते तोवर त्यात फारसे चुकीचेही नाही. पण इंजिन चालू असताना पुलीचे बेअरिंग त्याही स्थितीत झिजत असते, आणि ते जाम झाले की पट्टा घासून जळतो. गॅरेजमधल्या तरुण कारागिराने सुचवले, “काका, पट्टा कापून टाकूया की!” त्याची सूचना एका अटीवर योग्य होती: तो पट्टा केवळ कंप्रेसरचा असला पाहिजे. या इंजिनात पाण्याचा पंप, त्यावर बसलेला पंखा आणि डायनॅमो यांना एकच पट्टा फिरवतो. कंप्रेसरसाठी क्रँकवर निराळी खाच व निराळा पट्टा असेल तर तो उतरवून काम भागते. परंतु बसवणाऱ्याने मूळ पट्ट्याच्याच मार्गात कंप्रेसरला वळसा घातला असेल, तर तो कापताच पाणी फिरायचे थांबते आणि काही मैलांत इंजिन तापून सिलिंडर हेडला अपाय होतो. अशा वेळी मूळ मापाचा आखूड पट्टा आधी मिळवावा, मगच पान्याला हात घालावा.

याहून अधिक दक्षता वायूविषयी हवी. पुष्कळ वर्षे बंद राहिलेल्या यंत्रातील शाफ्टचे सील सुकून वायू आपोआप निसटलेला असतो, तरी तसे गृहीत धरू नये. जुन्या यंत्रांत आर-१२ हा वायू असे. ३० अंश तापमानाला नळ्यांत तो वातावरणाच्या सुमारे सातपट दाबाने कोंडलेला असतो, मोकळा सुटला की शून्याखाली ३० अंशांपर्यंत थंड होतो, आणि त्याचा फवारा डोळ्याला लागला तर दृष्टी जाऊ शकते. ज्योतीशी संपर्क आला तर त्यापासून विषारी वायू बनतो, म्हणून जवळपास वेल्डिंगचे काम चालू नसावे. ज्या १९७४ साली आपल्या या गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले, त्याच साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी असे वायू ओझोनच्या आवरणाचा नाश करतात हे दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू त्यांचा अंमल संपला, आणि औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता भारतात त्यांचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून बंद झाले. नंतरच्या आर-१३४ए ने ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वी तापवण्यास तोही हातभार लावतो. म्हणून नळी सैल करून वायू हवेत सोडून देण्याची वहिवाट मला सर्वथा गैर वाटते. वायू काढून साठवणारे यंत्र ज्याच्यापाशी आहे अशा शीतयंत्राच्या कारागिराकडून ते काम करून घ्यावे, मग त्यासाठी चिपळूणला खेप करावी लागली तरी हरकत नाही.

त्यानंतर बोल्ट. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्याने पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असे रुततात की जोर लावला तर डोके तुटून येते. आम्ही गंज सैल करणारे तेल सोडून एक रात्र थांबलो, दुसऱ्या दिवशी हलक्या हातोडीने ठोकले, पाव फेरा सोडवून पुन्हा आवळले, असे करीत एकेक बोल्ट बाहेर घेतला. ब्रॅकेटच्या जाडीमुळे तेथे लांब बोल्ट घातलेले असतात. ब्रॅकेट निघाल्यावर तेच परत बसवले तर ते छिद्राच्या तळाशी अडतात आणि आटे मारले जातात, म्हणून त्या जागी मूळ आखूड बोल्ट हवेत. क्लचची तार उघडी न ठेवता तिचे टोक नीट बंद करावे. शीतयंत्र चालू असताना इंजिनाचा मंद वेग वाढवणारी निर्वाताची नळी असेल, तर तिचे तोंडही बंद करावे, नाही तर तेथून हवा शिरून इंजिन एका जागी उभे असता बंद पडते. कंडेन्सरही उतरवला, त्याच्या दाट पात्यांआड दडलेल्या रेडिएटरला प्रथमच थेट वारा लागला.

काढलेले भाग भंगारात द्यावेत की ठेवावेत, यावर घरात बराच खल झाला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, आणि त्यात मूळ स्वरूप राखलेल्या गाडीलाच मान आहे; तेव्हा बाहेरून आलेले यंत्र निघाले हे या पद्मिनीच्या हिताचेच झाले. तरीही कंप्रेसरची तोंडे त्याच वेळी झाकणांनी बंद करून, कापडात गुंडाळून, कोणता बोल्ट कोठला याची चिठ्ठी बांधून तो माळ्यावर ठेवला, कारण उद्या कुणाला तो दुरुस्त करून बसवावासा वाटला तर त्या माणसाला आमच्याच अज्ञानाशी झुंजावे लागू नये.

कंप्रेसर काढल्यावर बसवलेला मूळ मापाचा नवा पट्टा पहिल्या काही मैलांत ताणला जातो. म्हणून चिपळूणच्या वाटेवर शृंगारतळीला गाडी थांबवून इंजिन बंद केले आणि दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. तो अर्ध्या इंचाहून थोडा अधिक खचला, तेव्हा डायनॅमो किंचित बाहेर ओढून त्याचा बोल्ट आवळला, आणि त्रिकोणी काचा वळवून पुढे निघालो.