फौज नसलेला सेनापती

रशियात १९१७ मध्ये क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा झारच्या सेनानींपुढे निष्ठेचा प्रश्न उभा राहिला. डेनिकिन बोल्शेविकांविरुद्ध लढले. १९१६ च्या आक्रमणामुळे गाजलेले ब्रुसिलोव्ह मात्र १९२० मध्ये लाल सेनेच्या सेवेत गेले. त्याच सुमारास महाराष्ट्रातही एक 'सेनापती' उदयास येत होता. त्याच्याजवळ ना फौज होती, ना हुद्दा. रशियन क्रांतिकारकांशी त्याचा संबंध मात्र त्याआधीच आला होता.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनमध्ये सावरकरांशी परिचय झाला आणि बापट पॅरिसला पोहोचले. हेमचंद्र दास यांच्यासमवेत त्यांनी तेथील रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या मिळवली. मूळ रशियन पुस्तिकेच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रती भारतात आल्या. १९०८ च्या अलीपूर खटल्यात नाव आल्याने बापटांना भूमिगत व्हावे लागले. १९१२ मध्ये ते पकडले गेले.

'सेनापती' ही पदवी मात्र बाँबमुळे नव्हे, मुळशीमुळे मिळाली. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमावर टाटांचे धरण होऊ घातले होते. पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे सोडून मुंबईसाठी वीज निर्माण करायची, ही योजना. त्यासाठी मावळातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. मावळ्यांची एकजूट सोपी नव्हती. कुळांना जमीन हवी होती, तर जमिनी गहाण घेतलेल्या पुण्याच्या सावकारांपैकी अनेकांना नुकसानभरपाई पुरेशी वाटत होती. लढा फसण्यात या फुटीचा वाटा मोठा, असे म्हणावे लागते.

बापटांना गांधीजींची अहिंसा पूर्णपणे मान्य नव्हती. प्रतिकार करावा, प्रसंगी बळ वापरावे, पण पळून जाऊ नये आणि परिणाम स्वतः भोगावेत, असा त्यांचा 'शुद्ध सत्याग्रह' होता. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणकामाची रेल्वे सशस्त्र अडवली. सात वर्षांची सजा झाली. १९३१ मध्ये ते सुटले, तोवर धरण उभे राहिले होते.

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांना परका नाही. औद्योगिक विकास महामंडळाने बदलापूरजवळ बारवी धरण बांधले. पुढे त्याची उंची वाढवताना आणखी गावांवर पाणी आले आणि पुनर्वसन व नोकऱ्यांची मागणी दीर्घकाळ गाजली. बारवीचे पाणी ज्या उल्हासनगरला मिळते, ते तर फाळणीतील विस्थापित सिंधी बांधवांनी वसवलेले शहर. गावांच्या बदल्यात पाणी हा व्यवहार येथे रोज नळातून घरात येतो!

बापटांनी पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही भाग घेतला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. बदलापूर लोकलने दादरला उतरून पश्चिमेला बाहेर पडले की त्यांच्या नावाचा मार्ग लागतो. तो एकेकाळच्या गिरणगावातून जातो, आणि टाटांची जलविद्युत तेथील गिरण्यांनाच मिळत असे.